पोर्टहोलचा बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो: नवा करून घेण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमी त्याच शब्दांत येते. शिडाच्या होडीच्या केबिनला जी गोल किंवा लांबट खिडकी असते, त्या पोर्टहोलचा आवळायचा बोल्ट तुटला आहे. हुबेहूब तसाच करून द्या, या वेळी जरा मजबूत करा. मजबूत बोल्ट करून दिला की पुढच्या मोसमात तीच खिडकी परत येते. आता बोल्ट धडधाकट असतो, पण फ्रेमच्या बाहेर आलेल्या ज्या भोकाच्या कानांत तो अडकतो, त्यातला एक कान तडकलेला असतो. बोल्ट करणं हे लेथवरचं किरकोळ काम आहे. फ्रेम चाळीस वर्षांपूर्वीच्या परदेशी होडीची असेल आणि करणारी कंपनी बंद पडली असेल, तर ती कुठेच मिळत नाही.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. त्या खिडकीत सगळ्यात आधी तुटणारा भाग बोल्टच असला पाहिजे. तो तुटतोय याचा अर्थ बहुधा कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळतंय, आणि जास्त आवळावं लागतंय याचं कारण दुसरीकडे आहे. ते कारण काढलं नाही तर तुम्ही बोल्ट कशाचाही करा, मोड फक्त पुढच्या भागावर सरकते.

बेळगावात समुद्र नाही, मग हे काम इथे कसं, असं बरेच जण विचारतात. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर या भागांत फाउंड्री, पॅटर्न शॉप, लेथ, मिलिंग, प्लेटिंग सगळं हाकेच्या अंतरावर आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा. पणजीच्या मांडवीत नांगरलेल्या होडीचा मालक सकाळी निघाला तर दुपारच्या आत पोचतो, आणि एक-दोन नग करून देणारा टर्नर त्याला इथे लगेच भेटतो. तसंही ती मांडवी आमच्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावते. इकडे तिला म्हादई म्हणतात. २००९ साली नौदलात दाखल झालेली आणि पुढे जगप्रदक्षिणा केलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका याच नदीच्या नावाची, आणि बांधलेलीही गोव्यातच. घाटावरच्या कारखानदाराला या कामाबद्दल परकेपणा वाटायचं कारण नाही.

पुढे गोंधळ नको म्हणून भागांची नावं ठरवून घेऊ. होडीच्या भिंतीत कायमची बसवलेली ती फ्रेम. बिजागरीवर आत उघडणारं, काच धरून ठेवणारं ते झाकण. झाकणाला गोल फिरणारी खाच असते, खाचेत रबर असतं, आणि फ्रेमची एक उभी धार त्या रबरात रुतते. काही बनावटींत रबर फ्रेमला आणि धार झाकणाला असते, तत्त्व तेच. बिजागरीच्या समोरच्या अंगाला बहुधा दोन आय बोल्ट असतात. त्यांचं भोकाचं टोक फ्रेमच्या दोन कानांमध्ये पिनवर डोलतं, दुसऱ्या टोकाला विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवायला दोन पाकळ्या असलेला नट. झाकण लावायचं, बोल्ट झाकणाच्या कडेला त्याच्यासाठी असलेल्या खाचीत उभा करायचा, नट बोटांनी आवळायचा. बोटांनी म्हणजे बोटांनीच. पक्कड लागली की समजा काहीतरी बिघडलं आहे.

पहिली शंका रबरावर

ऊन, मीठ आणि वर्षानुवर्षांची दाब यांनी रबर मरतं. धार जिथे रुतते तिथे कायमची घळ पडते आणि दाब काढला तरी रबर वर येत नाही. नखाने दाबून बघा: जिवंत रबर दबतं आणि लगेच उसळतं, मेलेलं रबर नखाला दगडासारखं लागतं. अशा रबरावर झाकण लावलं की पाणी झिरपतं, माणूस नट आणखी फिरवतो, तरी झिरपतं, मग पक्कड येते, मग बोल्ट जातो. मी पाहिलेल्या तुटलेल्या बोल्टांपैकी बहुतेकांची कथा एवढीच आहे.

पण नुसतं बघून ठरवू नका. शाळेतला पांढरा खडू घ्या आणि फ्रेमच्या धारेवर सगळीकडे नीट घासा. झाकण बंद करा, नट बोटांनी आवळा, उघडा. रबरावर खडूची रेघ उमटलेली असेल. रेघ सगळीकडे सलग आणि सारख्या रुंदीची असेल तर बसणं ठीक आहे. एखाद्या ठिकाणी ती तुटली असेल तर तिथून पाणी येणार. बिजागरीकडे रेघ जाड आणि बोल्टांकडे बारीक असेल तर रबर गरजेपेक्षा जाड आहे किंवा बिजागरीचं भोक सरकलं आहे. उलट असेल, म्हणजे बिजागरीकडे रेघच नाही, तर पिन आणि भोक झिजून झाकण तिकडे सैल पडलं आहे. ही एक रेघ मला बोल्टापेक्षा जास्त सांगते, म्हणून मी मालकांना आग्रहाने सांगतो की रेघेचा फोटो काढून पाठवा.

दुसरी तपासणी पाण्याची. पोर्टहोल गळतं म्हणजे दर वेळी रबरातूनच गळतं असं नाही. फ्रेम आणि होडीची भिंत यांच्यामधला सीलंट सुटला असेल तर पाणी फ्रेमच्या मागून येतं, कडेने खाली उतरतं आणि नेमकं झाकणाच्या खालच्या ओठावर थेंबतं. बघणाऱ्याला वाटतं रबर गेलं. बाहेरून झाकणाची काच आणि रबराची फट रुंद चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, मग होजने पाणी मारा. सुरुवात खालून करा आणि हळूहळू वर चढा. पट्टी लावूनही आत पाणी आलं तर दोष फ्रेमच्या मागच्या सीलंटचा आहे. तिथे बोल्ट कितीही आवळून काही होणार नाही, फ्रेम काढून पुन्हा बसवावी लागेल.

नवं रबर घेताना होणारी गफलत इथे सांगायला हवी, कारण तीच पुढच्या मोडीचं मूळ असते. बाजारात रबराच्या दुकानात गेलात तर बहुधा नायट्राइल या कडक रबराची भरीव दोरी हातात येते. पंपाच्या, व्हॉल्व्हच्या कामाला ती उत्तम. पोर्टहोलमध्ये धार तिच्यात रुतायलाच तयार होत नाही. झाकण बिजागरीकडे टेकतं, बोल्टकडची फट राहते आणि ती फट बंद करायचं सगळं ओझं दोन बोल्टांवर येतं. म्हणजे नवं रबर घालूनही बोल्ट तुटतो आणि मालक बुचकळ्यात पडतो. इथे मऊ, सूक्ष्म बंद छिद्रांचं स्पंज रबर हवं. सिलिकॉनचं असेल तर उत्तम, ईपीडीएम जातीचं रबरही चालतं. त्याची जाडी अशी की झाकण लागल्यावर ते चतुर्थांश ते एकतृतीयांश दबेल.

जाडी किती ते मोजायची एक सोपी रीत आहे. जुनं रबर पूर्ण काढून खाच साफ करा. मुलांच्या खेळातल्या मऊ क्लेच्या सुपारीएवढ्या गोळ्या प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून खाचेत चार-पाच ठिकाणी ठेवा. झाकण फ्रेमला समांतर बसेल इतकंच बंद करा, उघडा, आणि प्रत्येक गोळीची दबलेली जाडी व्हर्नियरने मोजा. समजा सगळीकडे साधारण ६ मिमी भरली, तर ८ ते ९ मिमीचं स्पंज लागेल. बिजागरीकडे ४ आणि बोल्टकडे ७ असा फरक आला तर आधी बिजागरी बघा, रबर नंतर.

रबराचा सांधा खाली ठेवू नका. पाणी खालच्या ओठावर साचतं, म्हणून सांधा वर, शक्यतो बिजागरी आणि बोल्ट यांच्या मधे. टोकं तिरकी कापा आणि रबर ओढून बसवू नका, किंचित ढकलून बसवा. ताणून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं आणि सांध्याला फट पडते.

तुटलेली जागा फेकू नका

तुटलेले दोन्ही तुकडे मला लागतात, आणि तुटलेलं तोंड घासून चकचकीत केलेलं नको. त्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असतं.

तोंड फिकट गुलाबी, माती भाजल्यासारखं कोरडं दिसतं आणि सुईने खरवडलं तर भुगा निघतो, तर तो बोल्ट पितळेचा होता आणि समुद्राच्या पाण्याने त्यातलं जस्त खाऊन टाकलं आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्ताचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की खाऱ्या पाण्यात जस्त निघून जायला लागतं आणि मागे तांब्याचा पोकळ, स्पंजासारखा सांगाडा राहतो. आकार तोच, माप तेच, ताकद शून्य. बाहेरून कळतही नाही, कारण वर हिरवट थर असतो. असा बोल्ट कुणी जास्त आवळला म्हणून तुटला नाही, तो आधीच संपला होता. अशा वेळी दुसरा बोल्ट आणि दोन्ही नटही त्याच धातूचे असणार, तेव्हा एकाऐवजी सगळेच बदला.

तोंडाचा काही भाग काळपट जुना आणि उरलेला चकचकीत ताजा असेल तर तडा आधीपासून होता, शेवटचा झटका फक्त निमित्त. बोल्ट तुटण्याआधी मधे बारीक झाला असेल, लांबला असेल, तर ती सरळ जास्त आवळल्याची खूण. तोंडात टाचणीच्या डोक्याएवढी पोकळ छिद्रं दिसली तर ओतकामातच वायू अडकला होता.

धातू कोणता

पितळेची षटकोनी सळई हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते, लेथवर लोण्यासारखी कापते, आणि म्हणूनच सगळे तीच वापरतात. ती घेऊ नका. ते सहज कापलं जाणारं पितळ आहे. जस्त ३८-४० टक्क्यांच्या आसपास, थोडं शिसं. नळाच्या तोटीला, स्टोव्हच्या बर्नरला ठीक, होडीला नाही. 'मँगनीज ब्राँझ' या नावालाही भुलू नका. नाव ब्राँझचं असलं तरी त्यात जस्त भरपूर असतं आणि खाऱ्या पाण्यात त्याची गत पितळेसारखीच होते.

आपल्या भागात बिनधास्त मिळणारा चांगला पर्याय गनमेटल, तोही ब्राँझचाच प्रकार. पंपाच्या बुशांसाठी त्याचे ओतलेले गोल बार आणि पोकळ बुश इथे नेहमीच असतात. सर्वात रुळलेला ग्रेड म्हणजे तांबे ८५, कथील ५, शिसे ५, जस्त ५. भारतीय मानक ३१८ मध्ये तो एलटीबी-२ म्हणून येतो. जस्त फक्त ५ टक्के असल्याने ते निघून जाण्याचा प्रश्न राहत नाही, ओततानाही तो नीट वाहतो. विंग नटसाठी माझी पहिली पसंती हाच.

आय बोल्टासाठी मात्र ओतीव गनमेटलपेक्षा घडीव किंवा ओढलेली सळई बरी, कारण बोल्टवर सतत ताण असतो. सिलिकॉन ब्राँझ मिळालं तर सोनं: तांबे ९६ टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन सुमारे ३. जाड सळई इथे चटकन मिळत नाही, पण टिग वेल्डिंगच्या दुकानात त्याच धातूच्या फिलर सळ्या (वेल्डिंगच्या जोडात वितळवून भरायच्या) असतात, त्या १.६, २.४, ३.२ मिमी जाडीत येतात. लहान पोर्टहोलच्या बिजागरीची पिन ३.२ मिमीची असेल तर ती फिलर सळई कापून सरळ वापरता येते. बोल्टासाठी फॉस्फर ब्राँझची सळई चालते.

स्टेनलेस घ्यायचंच असेल तर ३१६ ग्रेडचं. ३०४ नको, त्यात गंज रोखणारं मोलिब्डेनम नसतं आणि मिठाच्या पाण्यात ते ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतं, विशेषतः जिथे हवा पोचत नाही अशा फटीत. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतं. मात्र स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट चढवू नका. दोन्ही आटे एकमेकांना असे धरतात की नट ना पुढे जातो ना मागे, आणि कापूनच काढावा लागतो. बोल्ट ३१६ चा आणि नट गनमेटलचा ही जोडी उत्तम चालते. तरी सुरुवातीचा मुद्दा विसरू नका: ब्राँझच्या फ्रेममध्ये ३१६ चा बोल्ट घातला की सगळ्यात कमजोर भाग बोल्ट राहत नाही. अशी फ्रेम जपायची असेल तर बोल्ट ब्राँझचाच ठेवा.

धातूची खात्री करायची असेल तर फाउंड्री पट्ट्यातल्या लॅबमध्ये स्पेक्ट्रो चाचणी, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणारी चाचणी, करून मिळते. आधी विचारा की त्यांच्याकडे तांब्याच्या मिश्रधातूंचा प्रोग्राम आहे का. आपल्याकडे काम मुख्यतः बिडाचं, त्यामुळे काही यंत्रं लोखंडासाठीच लावलेली असतात.

आट्यांचा घोळ

इथे थांबून नीट वाचा, कारण फ्रेम आणि नट खराब होण्याचं हे दुसरं मोठं कारण आहे.

जुन्या अमेरिकी होड्यांवर यूएनसी या इंची पद्धतीचे आटे असतात, जुन्या ब्रिटिश होड्यांवर व्हिटवर्थ या दुसऱ्या इंची पद्धतीचे, युरोपातल्या नव्या होड्यांवर मेट्रिक. आपल्याकडे बोल्ट तुटला की माणूस व्हर्नियर लावतो, ८ मिमीच्या जवळ माप येतं आणि तो एम-८ (८ मिमीचा मेट्रिक आटा) म्हणून मोकळा होतो. पण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. व्हर्नियरला फरक जवळजवळ कळतच नाही, झिजलेल्या बोल्टावर तर नाहीच. खरा फरक आट्यांच्या अंतरात आहे. ५/१६ ला इंचात १८ आटे, म्हणजे एका आट्याला १.४१ मिमी, एम-८ चा नेहमीचा आटा १.२५ मिमी. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातो, मग जड होतो. माणसाला वाटतं मीठ अडकलंय, तो जोर लावतो, आणि दोन्हींचे आटे जातात. नट नवा, बोल्ट जुना असेल तर हा प्रसंग हमखास येतो.

१/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी आणि इंचात २० आटे. एम-६ म्हणजे ६ मिमी आणि १ मिमीचा आटा. इथे निदान जाडीतला फरक कळतो. ३/८ इंचाला १६ आटे.

यूएनसी आणि व्हिटवर्थ यांचं नातं जरा वेगळं आहे. १/४, ५/१६, ३/८ या तिन्ही मापांत दोघांचे इंचातले आटे सारखेच आहेत, फक्त आट्याचा कोन यूएनसीला ६० अंश आणि व्हिटवर्थला ५५. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर बहुधा चढतो. आपल्याकडे व्हिटवर्थचे टॅप-डाय जुन्या वर्कशॉपात सगळीकडे सापडतात, आणि विंग नटसारख्या हाताने आवळायच्या कामाला ते चालून जातात. बोल्ट आणि नट दोन्ही नवे करणार असाल तर मात्र दोन्हींना एकच कोन ठेवा. १/२ इंचाला ही सवलत नाही: यूएनसीला १३ आटे, व्हिटवर्थला १२.

म्हणून व्हर्नियर नंतर, आधी आट्यांचं गेज लावा. गेज नसेल तर बोल्ट पांढऱ्या कागदावर दाबून फिरवा, उमटलेल्या रेघा एका इंचात मोजा. नटात आट्यांसाठी भोक पाडायचं असेल तर ५/१६ यूएनसीला ६.६ मिमीचं ड्रिल. एम-८ च्या सवयीने ६.८ मारलं तर आटा उथळ येतो.

बोल्ट कसा करायचा

ओतू नका. भोकाच्या टोकाला ओतकामात हमखास छिद्रं राहतात आणि तिथूनच तो तुटतो. गोल सळई घ्या, जिची जाडी भोकाच्या टोकाएवढी असेल. लेथवर खालचा भाग आट्याच्या मापाला उतरवा, वरचं टोक दोन्ही बाजूंनी मिलिंगवर चपटं करा, मग ड्रिल आणि भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर. धातू थोडा वाया जातो, तरी चालेल. सळईला वेगळी चकती वेल्ड करून करणारेही भेटतील. ब्राँझला ते नको. चपटा भाग जिथे गोल भागाला मिळतो तिथे कोपरा काटकोनी न ठेवता छोटी गोलाई ठेवा. तिथल्या धारदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

चपट्या टोकाची जाडी फ्रेमच्या कानांमधल्या अंतरापेक्षा थोडी कमी हवी, बोल्ट स्वतःच्या वजनाने डोलला पाहिजे. घट्ट बसवला तर बोल्ट तिरका राहून झाकणाच्या खाचीवर एका कडेने ओढतो आणि वाकतो.

विंग नट ओतायचा कसा

इथे ओतकामाला पर्याय नाही, निदान पाकळ्यांचा जुना आकार हवा असेल तर. चांगला उरलेला एक नट असेल तर तोच पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवायचा नमुना, होऊ शकतो. पण धातू थंड होताना आक्रसतो; गनमेटलसाठी साधारण दीड टक्का धरा. ५० मिमीच्या नटात तो फरक पाऊण मिमी येतो, त्यात पाकळ्यांना अडचण नाही. ज्या तोंडावर नट टेकतो आणि जिथे आटे पडायचे तिथे मात्र मशिनिंगसाठी दीड-दोन मिमी जास्त हवं. तेवढं पुट्टी लावून वाढवा, आट्याचं भोक बुजवा, सँडपेपर मारा, वर दोन हात लॅकर. भोक ओतकामात काढायचं नसतं. भरीव ओतून नंतर ड्रिल करायचं.

पॅटर्न वाळूतून सुखरूप निघायला त्याला एक-दोन अंशांचा उतार लागतो. जुन्या नटाच्या पाकळ्या झिजून उलट्या बाजूने आत गेलेल्या असतात, त्या वाळू उखडतात. अशा वेळी सागवानात नवा पॅटर्न करून घेणं स्वस्त पडतं. आता थ्रीडी प्रिंटवरही करतात आणि तो चालतो, पण थरांच्या रेघा पूर्ण घासून गुळगुळीत करा, नाहीतर वाळू त्या रेघांत धरते.

पाकळी शेवटाला ३ मिमीपेक्षा पातळ करू नका. धातू तिथवर पोचण्याआधीच गोठतो आणि पाकळी अर्धवट येते. मधल्या जाड भागातून धातू सोडायचा, म्हणजे तो सर्वात शेवटी गोठतो आणि आत पोकळी राहत नाही. हे मोल्डरला, म्हणजे वाळूचा साचा भरणाऱ्याला, सांगायची गरज नसते, पण पॅटर्नवाल्याला मधला भाग आणि पाकळी यांच्या जोडावर गोलाई ठेवायला जरूर सांगा.

खरी अडचण नगांची असते. उद्यमबागेत बहुतेक फाउंड्र्या बिडाच्या. तांब्याच्या मिश्रधातूंचं काम करणाऱ्या थोड्या आणि लहान. आमच्या जवळच्या एका मोल्डरमामांना मी पहिल्यांदा दोन नटांचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "करतो की, खरं दोन नगासाठी मूस तापवत नाही मी. माझी गनमेटलची ओत असंल तवा तुमचा मोल्ड मधी बसवू." त्यांचं बरोबर आहे. गनमेटल हजार अंशांच्या वर वितळतं, त्याला लागणारं इंधन दोनशे ग्रॅमच्या कामाला परवडत नाही. तेव्हा पॅटर्न तयार ठेवा, त्यांच्या ओतीची वाट बघा, आणि ओताल तेव्हा सहा-आठ नग एकदम ओतून घ्या. धातूचा खर्च फारसा वाढत नाही, एक-दोन नगांत छिद्र निघालं तरी काम अडत नाही. एक गोष्ट मात्र आधी विचारा: आजची ओत गनमेटलचीच ना, की मोडीच्या पितळेची? ओतून झाल्यावर दोन्ही सोनेरी दिसतात. कानशीने घासा: गनमेटल तांबूस दिसतं, पितळ पिवळं.

अडकलेली बिजागरीची पिन

ओतीव कानांवर हातोडी मारू नका, ते आधी जातात. आत मीठ आणि हिरवा थर घट्ट बसलेला असतो. झाकण काढता येत असेल तर तो कोपरा कोमट पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालून काही तास बुडवा, मग ब्रशने घासा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हा उपाय नाही. नंतर हीट गनने कान गरम करा, काच ॲक्रिलिकची असेल तर ओल्या फडक्याने झाकून. पिनपेक्षा किंचित बारीक पंच घ्या, कानाखाली लाकडाचा ठोकळा द्या जेणेकरून मार कानावर न जाता ठोकळ्यावर जाईल, आणि छोट्या हातोडीने अनेक हलके ठोके मारा. कोणत्या बाजूने निघते ते आधी बघा; काही पिनांना एका टोकाला रेघा मारलेल्या असतात, त्या टोकाच्या दिशेनेच त्या बाहेर येतात.

निघालीच नाही तर ड्रिल. पण मग भोक अर्धा मिमी मोठं करून नवी पिन त्या मापाची करा. झिजलेल्या लांबट भोकात जुन्याच मापाची पिन घातली तर खडूची रेघ पुन्हा तशीच तुटकी येणार. भोक फारच लांबट झालं असेल तर गनमेटलचा पातळ बुश दाबून बसवा.

ॲल्युमिनियम, प्लास्टिक आणि काच

ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टेनलेसचा स्क्रू जिथे आहे तिथे पांढरी पावडर दिसेल. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्या पावडरीने स्क्रू जाम होतो. नव्या स्क्रूला लॅनोलिनचं ग्रीस आणि खाली नायलॉनचा वॉशर लावल्याशिवाय बसवू नका. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ब्राँझ तर अजिबात नको.

प्लास्टिकच्या फ्रेमच्या तुटलेल्या मुठी नायलॉनमध्ये करून घेतात. नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि भोकात अडकतं. डेलरिन नावाचं प्लास्टिक घ्या, काळं. उन्हाला ते पांढऱ्यापेक्षा जास्त टिकतं.

काचेच्या जागी ॲक्रिलिक बसवताना भोकं स्क्रूच्या मापाला पाडू नका. ४०० मिमीची पट्टी ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.८ मिमी वाढते, आणि गोव्याच्या उन्हात डेकवरचं तापमान तेवढं सहज बदलतं. भोकात जागा नसेल तर भोकापासूनच तडा जातो. ॲसिटोन, थिनर किंवा अमोनियाचा काच-क्लीनर लावू नका, बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. पॉलिसल्फाइड सीलंटही ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला मारक आहे. ब्युटिल पट्टी (चिकट रबरी पट्टी) वापरा.

बसवताना आणि नंतर

क्रम असा ठेवा: आधी बिजागरीची पिन, मग रबर, मग खडूची रेघ, आणि शेवटी बोल्ट. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा नको. रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. होडी बंदरात उभी असेल आणि पाऊस नसेल तेव्हा नट सैल सोडून ठेवा. रबर दाबाखाली सतत राहिलं नाही की ते कितीतरी जास्त टिकतं. होडीवरच्या प्रत्येकाला हे सांगा, कारण पक्कड आणणारा माणूस बहुधा मालक नसतो.

काम पाठवायचं असेल तर नुसता तुटलेला बोल्ट पाठवू नका. झाकण, दोन्ही बोल्ट, दोन्ही नट, जुन्या रबराचा बोटभर तुकडा आणि खडूच्या रेघेचा फोटो पाठवा. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. फ्रेम होडीतच असेल तर तिच्या कानांमधलं अंतर आणि पिनच्या भोकाचं माप वेगळं लिहा. पावसाळ्यात होडी वर काढलेली असते तेव्हाच हे पाठवलं तर गनमेटलच्या ओतीची वाट बघायला सवड मिळते, आणि दिवाळीआधी नट हातात पडतात.